काय म्हणतंय पाणी

आवाज आधी आला. परभणी स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्यापाशी बॅग टेकवून मी उभी होते, हातात कागदी कप, डोळ्यांत विमानाचं आणि रेल्वेचं जागरण, आणि पाठीमागून अण्णा म्हणाले, “काय म्हणतंय पाणी?” चहावाला म्हणाला, “चढलंय बगा.” माझे वडील हे सगळ्या जगाला विचारतात. पूर्णेच्या कालव्यावर, येलदरी धरणाचं पाणी चाऱ्यांतून, लहान पाटांतून, शेतांना सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कसे आहात, बरं चाललंय का, असलं काही त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. लग्नात, दवाखान्यात, मयताच्या दारात, सगळीकडे एकच प्रश्न. त्यामुळे मी वळायच्या आधीच हसले. हॉलंडहून निघताना मी घरी कुणालाच कळवलं नव्हतं. थेट दारात जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं, आणि हे तर स्टेशनातच भेटले. कप गाड्यावर ठेवून, पाया पडायला वाकायच्या तयारीनंच मी वळले. मागे अण्णा नव्हते. एक उंच आफ्रिकन मुलगा होता, एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात खताच्या पोत्याची शिवलेली आमच्या घरची पिशवी, आणि तो चहावाल्याला म्हणत होता, “चढू द्या, पण चारी सांभाळा.” ‘सांभाळा’च्या आधी अण्णा घसा खाकरतात तसा खाकरला. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

त्यानं मला ओळखलं. ओळखणारच, माझ्याच खोलीत राहत होता, भिंतीवर माझा फोटो होता. मी शिकायला गेल्यावर वरची खोली कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मलावीच्या मुलाला भाड्यानं दिली, एवढं आईनं फोनवर सांगितलं होतं. चिसोमो नाव. कॉलनीनं पहिल्याच आठवड्यात त्याचा सोमनाथ केला होता. त्यानं पिशव्या मनगटावर सरकवून दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर आपटले, तो त्यांच्याकडचा नमस्कार. “पंकजाताई,” तो म्हणाला, आता स्वतःच्या, कोवळ्या, बारीक आवाजात. “तुमी आलात.” मी विचारलं, अण्णा कुठायत. “घरीच हायत.” मग म्हणाला, “ताई, काका बोलत न्हाईत.” बोलत नाहीत म्हणजे काय, मी म्हणाले, शुक्रवारी तर माझ्याशी बोलले, चांगले बोलले, येऊन जा म्हणाले. तो दुधाच्या पिशव्यांकडे बघायला लागला. चहावाल्यानं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला गाडा पुसायला लागला. तेव्हा मला कळलं. विचार करून नाही कळलं, कानानं कळलं. शुक्रवारचं ‘येऊन जा माय’ कानात होतंच, आणि आत्ताचं ‘चढू द्या’ही होतं, आणि दोन्ही एकाच गळ्यातून आलेले होते.

रिक्षात तो पुढे, रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर बसला आणि मागे न बघता सांगत गेला. आखाडात अण्णा न्हाणीत पडले. उजवं अंग गेलं, आणि त्याच्याबरोबर बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं असं डॉक्टर म्हणाले, पण शब्द येत नाही. माझी परीक्षा तोंडावर होती. दादानं सगळ्यांना सांगितलं, पंकजाला कळू द्यायचं नाही. पण मी रोज विचारायला लागले, अण्णा कुठायत, अण्णांना फोन द्या, झोपलेत म्हणजे किती झोपलेत. मग एक दिवस दादाला आठवलं की सोमनाथ अण्णांची नक्कल करतो. अख्खी कॉलनी हसायची त्याला. अण्णासुद्धा हसायचे. वसमत रोडवर गर्दी होती, रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता, आणि मी काहीच बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर मी पुढच्या सीटवर बसलेल्या त्या माणसाच्या मानेला चावले असते. खरंच. मला त्याची मान दिसत होती, कॉलरच्या वर, नुकते केस कापलेली, आणि मला वाटत होतं, ह्याच्या आत कुठंतरी माझा बाप अडकवून ठेवलाय.

तीन महिने. आईनं सांगितलं होतं, अण्णांचे दात काढले, कवळी बसवली, म्हणून बोलणं जरा वेगळं वाटंल. व्हिडिओ नको, कवळीची लाज वाटते त्यांना. मी हसले होते. अण्णांना लाज वाटते ह्याचं मला कौतुक वाटलं होतं. त्याआधीचं अख्खं वर्ष अण्णांचा फोन म्हणजे ‘जेवलीस का, बरं, आईला देतो’. पाणी कमी असलेल्या वर्षी कालव्याला सोडतात तसं, मोजून. आणि ह्या तीन महिन्यांत ते ऐकायला लागले. मी बोलत राहायची आणि पलीकडून कुणी ‘आईला देतो’ म्हणायचं नाही. मी त्यांना सांगितलं होतं ते सहा वाजताचं जेवण. वर्गातल्या मुलीच्या घरी गेले होते, तिच्या आईनं विचारलं, जेवशील का, मी नको म्हणाले, आपण म्हणतो तसं, पहिलं नको. त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि तिघं माझ्यासमोर बसून जेवले. उकडलेले बटाटे, लोणी. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते, ते काही आलं नाही, त्या देशात ते येतच नाही. बिस्किटांचा डबासुद्धा एकदा फिरतो आणि बंद होतो. परत येताना सायकलवर मी इतकी रडले की एका सरळसोट कालव्याच्या कडेला उतरावं लागलं. काठोकाठ भरलेला आणि जराही न हलणारा त्यांचा कालवा. हे ऐकून अण्णा खोकला येईपर्यंत हसले होते. “तिथं दुसऱ्यांदा इचारत न्हाईत माय. पहिल्यांदाच हो म्हणायचं. हितं उलटं हाय. न्हाई म्हणलं की जास्त वाढतेत. पोट फुटायची येळ येती, पण ताटावरून उठू देत न्हाईत.” तेव्हा मला जरासं खटकलं होतं. घरी आलेल्याला चार वेळा वाढल्याशिवाय सोडलेलं नाही ज्या माणसानं, त्याला आपल्या घरचा आग्रह जाच कधीपासून वाटायला लागला? पण मी तो प्रश्न सोडून दिला. प्रेमळ बाप मिळत होता, त्याची उलटतपासणी कोण करतं.

आणि कपडे धुवायच्या खोलीचंही मी सांगितलं होतं. ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वसतिगृहाच्या तळघरात मशिनं होती, तिथं ऊब असायची, आणि मशिनांचा आवाज आमच्या कालव्याच्या गेटखालून निसटणाऱ्या पाण्यासारखा यायचा. मी धुवायला कपडे नसले तरी तिथं जाऊन बसायची, पुस्तक मांडीवर घेऊन. शिकायला काय गेले होते, तर पाण्याची व्यवस्था, आणि बसायची कुठं, तर साबणाच्या पाण्याशेजारी. हे सगळं मी सांगून टाकलं. मग अण्णा म्हणाले, “पहिल्या वर्षी माणूस एक कोपरा हुडकतो अन् तिथंच बसतो. त्यात काही वाईट न्हाई. दुसऱ्या वर्षी कोपरा आपला आपण सुटतो.” नांदेडच्या पुढे न गेलेल्या माणसाला हे कसं ठाऊक, असं मला वाटलं आणि वाटून भरून आलं. मी तिकडच्या मैत्रिणीला सांगितलं, माझे वडील म्हातारपणी बोलायला लागलेत. किती आनंदानं सांगितलं! आता रिक्षाच्या फाटक्या सीटवर बसून ते वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. माझ्या आयुष्यातलं बापाबरोबरचं सगळ्यात चांगलं बोलणं माझ्या बापाबरोबर झालेलंच नव्हतं.

घर तसंच होतं. आईनं दार उघडलं आणि पहिला शब्द काय काढावा, “आगं माय, न सांगता कामून आलीस?” तिच्या मागं पुढच्या खोलीत, खिडकीशी, लाकडी खुर्चीत अण्णा. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवल्यासारखा ठेवलेला, अंगात धुतलेली पांढरी बंडी. दाढी नीट केलेली होती. कोण करत होतं ते विचारावं लागलं नाही, सोमनाथ दूध आत ठेवून आला आणि त्यांच्या हनुवटीवरची ओल सहज, न बघता, टॉवेलनं टिपून गेला. मी खाली बसले, पायांवर डोकं ठेवलं, ‘अण्णा’ अशी हाक मारली. वर बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते, पण माणूस बघतो तसं की खिडकी उघडी असते तसं, ते मला कळेना. मी परत हाक मारली. घशातून एक ‘अं’ आला. तो मला होता का, आलेल्या कफाला होता, कोण सांगणार. मला एक शब्द पाहिजे होता. ‘माय’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, ‘आईला देतो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणि ज्याच्याजवळ ते सगळे शब्द होते तो स्वयंपाकघरात पातेल्यात दूध ओतत होता.

आई पोहे घेऊन आली. नको म्हणाले. घे की. नको म्हणाले. दोन घास तर खा, लांबून आलीस. तिकडे असताना ह्याच ‘घे की’साठी मी कालव्याच्या काठावर रडले होते, आणि आता ती बशी भिंतीवर फेकावीशी वाटत होती. “तुझी परीक्षा होती,” आई म्हणाली, “खामखा परेशान झाली असतीस. दादा म्हणला, सांगू नगा. अन् सोमनाथ लय गुणी पोरगं हाय, त्यानं न्हाईच म्हणलं होतं आधी.” तेवढ्यात शेजारच्या बायनाबाई पदर खोचत आत आल्या. मी लहान असल्यापासून आमच्या घरात दार न वाजवता येणाऱ्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि मायेनं म्हणाल्या, “आली का गं लेकरू? बरं केलंस. ते कपडे धुवायच्या खोलीत कशाला बसायचं आता, आपल्या घरी आलीस.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. आईनं बायनाबाईंकडे बघून डोळे वटारले, बायनाबाईंनी जीभ चावली. मी आईला विचारलं, फोन कुठं ठेवून बोलायचा तो. आई पदराचं टोक पिळायला लागली. इथंच, ह्या खोलीत, टीपॉयवर, स्पीकर लावून. सगळ्यांना ऐकायचं असायचं ना तुझं, ती म्हणाली. सगळे म्हणजे आई, दादा आला असला तर दादा आणि वहिनी, बायनाबाई, आणखी कोण असेल नसेल. मी तिकडं तळघरात मशिनाला टेकून, आवाज बारीक करून बापाला सांगत होते, आणि इथं चहा फिरत होता. बटाट्याच्या गोष्टीवर सगळी खोली हसली असेल. मला ते हसणं ऐकू कसं आलं नाही? का आलं होतं, आणि मी त्याला अण्णांचा खोकला समजले? मी उठले आणि जिन्याकडे गेले. जिन्याखाली पाण्याच्या टाकीशेजारी, जिथं सिमेंट बाराही महिने गार असतं, तिथं एक पोतं चौघडी करून ठेवलेलं होतं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. शेजारी झिजलेल्या पेन्सिलीचा तुकडा. मी त्या पोत्याकडे बघत राहिले. कोपरा कुणाचा ते मला लगेच कळलं, आणि कळल्यावर मी जास्तच चिडले, कारण त्यानं मला फसवताना सांगितलेलं कोपऱ्याचं खोटं नव्हतं.

अण्णांचा राग मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणजे त्यांना राग येत नाही हे माहीत आहे. कालव्याच्या गेटला बाजूनं लोखंडी दांडी असते. तिच्यासमोर उभं राहायचं, डावीकडं फिरवली की गेट उचलतं, उजवीकडं फिरवली की बसतं. सुट्टीत ते मला सोबत न्यायचे, मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसायची. “एकदम उचलायचं न्हाई माय. चार बोटं उचलायचं, थांबायचं, पाणी बघायचं. न्हाईतर चारी फुटती.” चार बोटं उचलून ते खरंच थांबायचे, हात दांडीवर ठेवून, खाली बघत. वरच्या शेतांना पाणी आधी मिळायचं, तिथले लोक चारी फोडून जास्तीचं घ्यायचे, आणि सगळ्यात शेवटच्या शेतांना, ज्यांना सगळे टेल म्हणतात, तिथं चिखलसुद्धा पोचायचा नाही. मग टेलची माणसं यायची. एकदा गोजरबाई नावाची बाई आली होती, पायांत चप्पल नाही, हातात विळा तसाच. ती अण्णांसमोर उभी राहिली आणि बोलत सुटली. बाप काढला, नोकरी काढली, वर बसून पाणी पिणारे काढले. अण्णा टोपी हातात घेऊन उभे. मधे एक शब्द नाही. ती थकून गेली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, “टेलवाल्याचा राग खरा असतो. तो पुरा ऐकून घ्यावा लागतो.” त्याच आठवड्यात शाळेच्या सहलीला मला पाठवलं नाही, दादाला पाठवलं होतं आदल्या वर्षी, आणि मी अंगणात पाय आपटून किंचाळले. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून हवेत दांडी उजवीकडं फिरवली. “बंद,” म्हणाले. एवढंच. पुढं तर ‘बंद’ म्हणायचीही गरज राहिली नाही, हात नुसता फिरला की आम्ही गप्प, कुठल्या बाजूला फिरला ते कोण बघतं. गोजरबाईचं पुरं ऐकलं आणि मला बंद, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं की हात फिरायचा.

दादा बोरीहून मोटारसायकलवर आला. आईनं फोन केला असणार. परमेश्वरदादाचं बोरीला बी-बियाण्याचं दुकान आहे, आल्या आल्या त्यानं हेल्मेट टीपॉयवर ठेवलं, त्याच टीपॉयवर, आणि मला म्हणाला, “काय गं, असं न सांगता येतेत का?” मी म्हटलं, न सांगायचं ह्या घरात चालतं असं दिसतंय. “सांगितलं असतं तर काय केलं असतंस तू? पळत आली असतीस. शिक्षण सोडून बसली असतीस हितं. अन् अण्णांचा हात हलला असता का त्यानं?” हे त्यानं शांतपणे विचारलं, आणि त्यात चूकही काही नव्हतं, म्हणूनच ते असह्य होतं. मी म्हटलं, माझा बाप आहे. “माझा बी हाय. मी उचलून न्हाणीतून काढलं त्यांना. तू तिकडं बटाटे खायलीस का न्हाई ह्याचीच फिकीर होती त्यांना.” मी म्हटलं, बटाटे मी खाल्ले नाहीत. तुला माहीत आहे मी खाल्ले नाहीत, तू ऐकलंस. मग दादाची नजर माझ्या मागं गेली, स्वयंपाकघराच्या दारात सोमनाथ उभा होता. माझ्यावरचं सगळं दादानं त्याच्यावर काढलं. “हिला ये म्हणून कुणी सांगितलं? शुक्रवारी तूच ना रे? तुला काय सांगून ठेवलं होतं? बरा हाय, अभ्यास कर, एवढंच बोलायचं. तुझ्या मनानं कामून बोललास? खोली खाली कर. आजच.”

सोमनाथनं हात पुसले. “मी माझ्या मनानं न्हाई बोललो, दादा. काकांनी सांगितलं.”

दादा हसला. चांगला मोठ्यानं हसला. “काकांनी! काका बोलले तुझ्यासंगं!” सोमनाथ अण्णांच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला, फोनच्या वेळी बसायचा तिथंच असेल. म्हणाला, फोन लागला की काका डावा हात उचलतात. गेट उचलल्यासारखा फिरवतात, तेव्हा मी बोलतो. बंद केल्यासारखा फिरवतात, तेव्हा मी ठेवतो. ताई एकदा रडत एका मुलाचं काहीतरी सांगायला लागल्या होत्या, सगळे बसले होते, काकांनी बंद केलं, मी ठेवतो म्हणलो. मला ते आठवलं. माझं वाक्य अर्धंच होतं आणि अण्णांनी फोन ठेवला होता, त्या रात्री मी अण्णांना शिव्या घातल्या होत्या. शुक्रवारी, सोमनाथ म्हणाला, ताई म्हणाल्या इकडं सगळं बरं आहे, आणि काका हात फिरवत राहिले, थांबेनात. काय पायजे ते मला कळंना. बोलवू का, विचारलं, तेव्हा थांबले. मग तो माझ्याकडे बघून, त्याच बारीक आवाजात म्हणाला, “माझी आजी गेली तेव्हा मला बी उशिरा सांगितलं होतं. परीक्षा होती म्हणून.”

आता ह्याच्यावर चिडायचंसुद्धा मला राहिलं नाही का! ही काय पद्धत झाली, की जो तो माझ्या रागाच्या आडवं काहीतरी चांगलं आणून ठेवतो. आईचं परेशान झाली असतीस, दादाचं उचलून न्हाणीतून काढलं, आणि ह्याची आजी. मला ह्या गेटच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नव्हता. ही त्यानं मला बरं वाटावं म्हणून केलेली आणखी एक नक्कल, आता हाताची. तीन महिने आवाज दिला, आता बाप देतोय. आणि मला बाप असा कुणाच्या हातून, उष्टा, नको होता. मी ओरडले. काय ओरडले त्याचं पहिलं वाक्य मला आठवत नाही, एवढं आठवतं की बायनाबाई दाराकडे सरकल्या. ही बातमी ह्या घरातून निघाली आणि वाटेत ज्यानं त्यानं पिऊन घेतली, मी म्हणाले, चहावाल्याला मिळाली, रिक्षावाल्याला मिळाली, शेजारणीला मिळाली, आणि मी टेलला! माझ्यापर्यंत चिखलसुद्धा आला नाही! आई म्हणाली, “हळू बोल की माय, लोक ऐकतेत.” दादा म्हणाला, “आजारी माणूस हाय समोर, अक्कल हाय का न्हाई तुला?”

तेव्हा अण्णांचा डावा हात मांडीवरून उठला. हळूहळू, जड झाकण उचलावं तसा. बोटं कशाला तरी धरल्यासारखी वळली आणि हात हवेत गोल फिरायला लागला. सगळी खोली गप्प झाली, मीही झाले, इतक्या वर्षांची सवय. दादा अण्णांच्या समोर उभा होता. तो जिंकल्यासारखा म्हणाला, “बघ. बघ, बंद कर म्हणायलेत.” आईनंही मान हलवली. तीही समोरच होती. समोरून तसंच दिसत होतं, हात उजवीकडं जात होता. मला त्या ओघळलेल्या तोंडाचा, त्या स्वच्छ बंडीचा, त्या हाताचा असा राग आला की वाटलं आत्ता, ह्या क्षणी परत जावं, त्या न हलणाऱ्या कालव्यांच्या देशात. मग लक्षात आलं की सोमनाथ माझ्याकडे बघतोय, आणि तो अण्णांच्या समोर नाही, शेजारी उभा आहे. समोरून बघितलं की दांडी उलटी फिरलेली दिसते. मी शेजारी बसायची लहानपणी. मी दोन पावलांत खुर्चीला वळसा घातला आणि त्यांच्या खांद्याशी, जिथून गेट दिसायचं तिथून बघितलं.

हात डावीकडं फिरत होता.

गेट चार बोटं उचललं असेल एव्हाना. मी तो थांबायची वाट बघितली, ते नेहमी थांबतात, थांबतात आणि पाणी बघतात. तो थांबला नाही. कपाळावर घाम आला होता, डोळे माझ्याकडं होते, आणि हात फिरतच होता, पुरं गेट वर जाईपर्यंत फिरवावा तसा. दादा काहीतरी म्हणाला. मी परत वळसा घालून अण्णांच्या पुढं आले आणि उभी राहिले, बसले नाही, गोजरबाई उभी राहिली होती तशी.

“सहलीपासून सांगते,” मी म्हणाले.

आणि सांगायला लागले. सहल, ओट्यावरचा ‘बंद’, मोजून मापून केलेले फोन, एक वर्षभर ‘आईला देतो’, त्या मुलाचं, ज्याच्या नावावर फोन ठेवला गेला होता, आखाड, न्हाणी, कवळी, टीपॉय. सभ्य शब्द संपले तेव्हा दुसरे वापरले. बायनाबाई दारात होत्या, त्यांच्या मागं आणखी दोघी आल्या होत्या, आवाज पार रस्त्यापर्यंत जात असणार. जाऊ दे. हळू आवाजातलं त्यांनी सगळं ऐकलंच होतं. मधेच आईनं मला धरायला हात पुढं केला आणि सोमनाथनं तिला अडवलं. मी बापाला नको नको ते बोलत होते, आणि माझा बाप, टोपी हातात घेता येत नव्हती म्हणून नुसताच, ते पुरं ऐकून घेत होता.